बंदराच्या गावी पुढच्या दाराने जावे

घराला पुढचे दार असते आणि मागचेही दार असते. पाहुणा पुढच्या दाराने येतो. तुळशीवृंदावन, ओटी, माजघर अशा क्रमाने घर त्याला आपली ओळख करून देते. मागच्या दाराने येणाऱ्याला प्रथम दिसते ती मोरी आणि रचून ठेवलेली लाकडे. घर तेच असते, पण त्याची ओळख मात्र निराळी होते. गावांचेही असेच आहे. नदीकाठच्या गावाचे तोंड घाटाकडे, देशावरच्या गावाचे वेशीकडे आणि बंदराच्या गावाचे तोंड समुद्राकडे असते. धक्का, वखार, जकातीची चौकी, तटाचे बुरूज, हे सारे त्याच दिशेला उभे केलेले असते. असे असूनही आज आपण कोकणातल्या एकूण एक बंदराच्या गावी डांबरी रस्त्याने जातो, म्हणजे मोरीच्या बाजूने आत शिरतो, आणि परत आल्यावर "तिथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही" असा अभिप्राय देतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बंदराचे गाव पाहायचे असेल, तर ते पाण्यावरून, सावकाश आणि शक्यतो मोसमाच्या आरंभी पाहावे. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर ते तसेच पाहिले पाहिजे. कारण इतिहास आणि भूगोल हे दोन विषय वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना असले, तरी बंदराच्या मुखाशी ते एकाच होडीत बसलेले असतात. वार्षिक सहलीचा विषय निघाला, की वॉटर पार्क, रिसॉर्ट किंवा बसने एका दिवसात अलिबाग, याच तीन पर्यायांवर वाद घातला जातो. या तिन्हींत चौथ्याची भर घालण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

हा विचार नुसताच बसल्या जागी सुचलेला नाही. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आम्ही पाच जण चौल-रेवदंड्याला गेलो. पुनावळ्याहून अलिबागकडे जाण्याचा रूढ मार्ग सर्वांना ठाऊक आहे. द्रुतगती मार्ग आमच्या शेजारच्या किवळ्यापाशीच सुरू होतो. त्याने खोपोलीपर्यंत उतरावे, मग पेण, वडखळ आणि अलिबाग. गाडी स्वतःची असेल तर सकाळचा चहा घरी आणि दुपारचे जेवण समुद्राकाठी. आम्ही मात्र सकाळी चिंचवडला सिंहगड एक्सप्रेस पकडली, मुंबईला उतरलो, गेटवेवर गेलो आणि मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो. "अलिबागला जायला मुंबईला कशाला जाता?" असे घरी आणि मित्रमंडळींतही विचारले गेले. नकाशावर पाहिले तर प्रश्न अगदी रास्त होता.

गेटवे ते मांडवा ही लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते आणि साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा सुरू होते. आम्ही गेलो तेव्हा मोसम उघडून थोडेच दिवस झाले होते. समुद्र अजून पूर्ण निवळलेला नव्हता. पाणी गढूळ होते आणि लाटांना एक लांब, जड हेलकावा होता. हिवाळ्यात लाँचच्या मागे थव्याने येणारे सीगल पक्षी अद्याप आलेले नव्हते, आणि त्यांना खाऊ टाकून छायाचित्रे काढणारी गर्दीही नव्हती. वरच्या मजल्यावर सामानसुमान घेऊन घरी परतणारी अलिबागकडची माणसे, एक-दोन कुटुंबे आणि आम्ही, एवढाच मेळा होता.

ही लाँच साध्या वेगाने तासाभरात खाडीचे तोंड ओलांडते. हल्ली त्याहून जलद कॅटमरान आहेत, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून चालू आहे. आम्ही मुद्दाम सावकाश चालणारी लाँच घेतली. धक्का सुटला आणि पहिली दहा मिनिटे सर्वांचे मोबाइल बाहेर होते. गेटवे लहान होत गेला, १९०३ सालचे ताज हॉटेल त्याच्या शेजारी उभे राहिले, नौदलाच्या करड्या बोटी बाजूने सरकल्या. पुढे वारा वाढला, हात कठड्याला लागले आणि मोबाइल आपोआप खिशात गेले. मग माणसे पाहू लागली. मुंबई हे बंदर आहे, हे वाक्य मी चौथीच्या पुस्तकापासून वाचत आलो आहे. परंतु लोकलने मुंबईला जाणाऱ्या माणसाला मुंबई हे एक स्टेशन वाटते. ते बंदर आहे याची खात्री मला त्या दिवशी पाठीमागे वळून पाहताना पटली. या शहराचे तोंड कुठे आहे ते प्रथमच दिसले.

पुढे गेल्यावर डाव्या हाताला मांडव्याची किनारपट्टी आणि तिच्यामागे कनकेश्वराचा डोंगर स्पष्ट होऊ लागला. दक्षिणेला क्षितिजाजवळ एक ठिपका दिसला. एका खलाशाने तो खांदेरी असल्याचे सांगितले. खांदेरीची हकीकत आपण सर्वांनी परीक्षेपुरती पाठ केलेली आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी याने या ओसाड बेटावर तटबंदी उभारायला घेतली. मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे पाठवून ती रोखण्याचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या त्यांना चुकवून रात्री-अपरात्री सामान पोहोचवीत राहिल्या आणि अखेर इंग्रजांना नाद सोडावा लागला. जवळच्या उंदेरीवर सिद्दीने पुढच्याच वर्षी आपले ठाणे बसवले. हे सारे मी उत्तरपत्रिकेत लिहिले आहे आणि त्याला गुणही मिळाले आहेत. पण एवढ्याशा खडकासाठी इंग्रजांनी इतका जीव का टाकावा, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, कारण पुस्तकातल्या नकाशात खांदेरी म्हणजे एक टिंब आहे. लाँचवर उभे राहून पाहिले, की उत्तर डोळ्यांसमोर असते. मुंबईच्या दारात कोण ये-जा करतो ते त्या ठिपक्यावरून दिसते. एखाद्याच्या उंबऱ्यासमोर दुसऱ्याने खाट टाकून बसावे, तसा तो प्रकार होता. आणि ती खाट टाकायला महाराजांनी वेळही कशी निवडली, तर पावसाळा सरत असताना, मोठ्या जहाजांचा मोसम नीट सुरू होण्याच्या बेताला.

गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या यादीत आपल्या मावळातला लोहगड आहे आणि ही खांदेरीही आहे. लोहगडावर आपण दर पावसाळ्यात जातो, इतके की शनिवार-रविवारी तिथे वाटेवर रांग लागते. खांदेरी नुसती दुरून पाहिलेले आपल्या वर्गात किती जण असतील? एकाच यादीतले हे दोन किल्ले. एक घाटाच्या वाटेवर आणि दुसरा बंदराच्या तोंडावर. या दोहोंना जोडणारे सूत्र कोणते, हे पुढे चौलला कळते.

मांडव्याला उतरून बसने अलिबाग आणि तिथून एसटीने रेवदंडा हा पुढचा टप्पा रस्त्याचाच होता. चौलपर्यंत प्रवाशांना घेऊन जाणारी बोट आज नाही, तेव्हा इलाज नव्हता. ज्या बंदरात एके काळी अरबस्तानातून गलबते येत, तिथे आज मुंबईहून साधी लाँच जात नाही, ही गोष्ट मला बोलकी वाटते. म्हणून रेवदंड्याला पोहोचल्यावर आम्ही आधी गाव न पाहता खाडीवर गेलो आणि एक होडी ठरवली. नाखवा वयस्क होता. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात नीट अडकवून झाल्याशिवाय त्याने नांगर उचलला नाही, आणि मोसमाचे पहिले दिवस असल्यामुळे खाडीच्या मुखाबाहेर जाणार नाही, हेही आधीच बजावले. आम्ही मुखापर्यंत गेलो, तिथे वळलो आणि चौलच्या जुन्या वाटेने आत आलो.

त्या वळणावर जे दिसते ते सांगण्यासारखे आहे. एका हाताला कोर्लईचा डोंगर पाण्यात पुढे घुसलेला आहे. त्याच्या पाठीवरून चढत गेलेला किल्ला एखाद्या मगरीच्या कण्यासारखा वाटतो. दुसऱ्या हाताला रेवदंड्याचा पोर्तुगीज तट माडांच्या आडून डोकावतो आणि 'सातखणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचा अवशेष झाडांच्या वर डोके काढून उभा असतो. मधून कुंडलिकेची खाडी आत जाते. बाहेर लाटा फुटत असतात आणि आत वळताच पाणी एकदम शांत होते. हेलकावा थांबतो तो क्षण अंगाला जाणवतो. बंदर म्हणजे काय याची व्याख्या भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींची आहे. माझ्या मते ती त्या एका क्षणात पुरी होते. दोन हजार वर्षे दर्यावर्दी याच जागी का येत राहिले, हे कळायला त्यानंतर व्याख्यानाची गरज उरत नाही.

आणि खरोखरच दोन हजार वर्षे! इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचा 'सेमुल्ल' असा उल्लेख आहे. पुढच्या शतकात टॉलेमीनेही ते नोंदवले आहे. त्या काळी मिसरहून निघणारी जहाजे जुलैच्या सुमारास सुटत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर समुद्र ओलांडत आणि पावसाळ्याचा जोर ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत. म्हणजे आम्ही ज्या दिवसांत गेलो, साधारण तोच बंदर जागे होण्याचा काळ. आपले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. बंदराचे वर्ष श्रावण-भाद्रपदात सुरू होते आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात तो त्याचा वर्षारंभ असतो. मोसमाच्या आरंभी जावे असे मी म्हणतो ते गर्दी टाळण्यासाठी तर आहेच, पण बंदराच्या पंचांगाप्रमाणे तोच खरा मुहूर्त आहे म्हणूनही आहे.

पुढची यादीही लहान नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी येथे येऊन गेला. त्याच्या लिखाणात हे गाव 'सैमूर' या नावाने येते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला आणि इथून आत बिदरकडे गेला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. १५०८ मध्ये याच बंदरात मिसर आणि गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्याला दीर्घ वेढा दिला, तो उठवावा लागला. १७३९ मध्ये वसई पडल्यावर १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले. पण तोपर्यंत मुंबईचा भाव चढला होता आणि चौलचा उतरला होता. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रामेश्वराचे देऊळ आहे आणि विलक्षण शांतता आहे. रस्त्याने येणाऱ्याला ही शांतता म्हणजे नुसते खेडेगाव वाटते. खाडीतून येणाऱ्याला ती एक बंद झालेली बाजारपेठ वाटते. माझ्या लेखाचा मुद्दा या दोन वाटण्यांमधल्या अंतरात आहे.

आता कोणी विचारील की, पुनावळ्याच्या आणि चाकण-हिंजवडीच्या परिसरात राहणाऱ्या आम्हांला या चौलशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते कार्ल्याच्या डोंगरात कोरून ठेवलेले आहे. आपल्या गावापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत सोपाऱ्यासारख्या बंदराहून आलेला दाता आहे, धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे यवन आहेत. आडरानातल्या डोंगरात परदेशी माणसांनी खांब कोरण्यासाठी पैसे का द्यावे? कारण ते आडरान नव्हते. किनाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल बोरघाटाने वर चढे आणि मावळातून पुढे देशावर जाई. कार्ले, भाजे, बेडसे ही त्या वाटेवरची विसाव्याची ठिकाणे. लोहगड त्याच वाटेवर नजर ठेवून उभा आहे. द्रुतगती मार्ग आज ज्या दिशेने जातो, त्याच दिशेने बैलांचे तांडे जात होते. म्हणजे चौल हे आपल्याच रस्त्याचे दुसरे टोक आहे. आपली पवना सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला वळते, मुळेला मिळते आणि पुढे भीमा, कृष्णा अशी नावे घेत बंगालच्या उपसागराला जाते. नदीने कोकणाकडे पाठ फिरवली, पण वाटेने ती फिरवली नव्हती. आपण त्या वाटेवर राहतो आणि तिच्या टोकाला काय आहे ते विसरलो आहोत.

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात आजही काही कुटुंबे घरात एक वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळण यांच्या मिसळणीतून ती घडली आहे. बोलणारे थोडे आहेत, अभ्यासकांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत, आणि आपण तिच्यापासून काही तासांच्या अंतरावर भाषाविज्ञानाच्या तासाला 'भाषासंकर' या शब्दाची व्याख्या उतरवून घेत असतो.

या सूचनेवर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, कारण मित्रांनी ते आधीच घेतले आहेत. पहिला आक्षेप वेळेचा. रस्त्याने निम्म्या वेळात जे साधते त्यासाठी रेल्वे, लाँच, बस, एसटी आणि होडी असे पंचायतन कशाला? यावर माझे उत्तर असे, की रस्त्याने निम्म्या वेळात आपण तिथे पोहोचतो, पण जे साधायचे ते साधत नाही. लाँचवरच्या त्या तासात आम्ही जेवढे बोललो तेवढे बसमध्ये गाण्यांच्या आवाजात कधी बोललो नव्हतो. समुद्रावर करण्यासारखे काही नसते, म्हणून माणूस पाहतो, विचारतो आणि ऐकतो. शिक्षणाला याहून निराळे काय लागते?

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समुद्र माणसे घेतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ते आपल्यासारखेच होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. आणि कोकणातला कोणताही म्हातारा माणूस ज्या दिवसाचे नाव अजून हळू आवाजात घेतो तो १७ जुलै १९४७. त्या दिवशी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणाला घरी निघालेली माणसे होती ती. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. अशी उदाहरणे समोर असताना पालकांनी परवानगी का द्यावी आणि प्राध्यापकांनी जबाबदारी का घ्यावी?

मला वाटते, याच उदाहरणांतून उत्तर निघते. 'रामदास' भर पावसाळ्यात समुद्रावर होती, ज्या दिवसांत कोळी आपली होडी वर ओढून ठेवतो. 'नीलकमल'ला धडकली ती इंजिनाची चाचणी चालू असलेली बोट होती. मुरूडची मुले बोटीत नव्हती, पोहायला उतरली होती. समुद्राशी वागण्याची एक रीत आहे आणि ती किनाऱ्यावरच्या माणसांनी फार किंमत देऊन शिकलेली आहे. मोसम पाळावा, माणसे मोजून घ्यावीत, नाखव्याचे ऐकावे आणि घाई करू नये. पण निसर्ग रीत पाळणाऱ्यालाही कधी दगा देतो. 'जयंती' आणि 'तुकाराम' बुडाल्या त्या नोव्हेंबरात, भर मोसमात, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा धोका शून्य आहे असे कोणी म्हणू नये. तो द्रुतगती मार्गावरही शून्य नाही. फरक इतकाच, की त्या धोक्याची आपल्याला सवय झाली आहे. खाडीच्या मुखाबाहेर जाणार नाही असे सांगणाऱ्या नाखव्याकडून शिस्त या शब्दाचा जो अर्थ मला कळला, तो आपल्या नियमपुस्तिकेत नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे सारे जुन्या दिवसांचे कौतुक आहे. तसे ते मुळीच नाही. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी कशा होत्या हे जुन्या पिढीकडून ऐकावे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत त्या जात. जिथे धक्का नसे तिथे भर समुद्रात बोट थांबे आणि बायकामुलांना, ट्रंका-वळकट्यांना हिंदकळणाऱ्या पडावात उतरवले जाई. त्या हालांची कोणाला आठवण येत असेल असे वाटत नाही. रस्ते सुधारले, पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आगबोटी त्याआधीच बंद पडल्या होत्या. माणसांनी सोयीचे ते निवडले यात त्यांचा दोष नाही. परंतु सोयीबरोबर एक गोष्ट निसटली. त्या काळच्या साध्यासुध्या चाकरमान्याला किनाऱ्यावरची बंदरे ओळीने तोंडपाठ असत, कारण त्याने ती एकामागून एक समोरून पाहिलेली असत. स्वदेशीच्या वातावरणात निघालेल्या सहकारी बोट कंपनीला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. त्या 'माझी' या शब्दात जी आपुलकी आहे ती आज कुठल्या टोलनाक्याला आपण दाखवू? मी जुन्या बोटी परत मागत नाही. निसटलेली ती ओळख वर्षातून दोन दिवस तरी परत मिळवावी, एवढेच मागतो.

आणि आता थोडे आपल्या गावाविषयी. पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेत आले. त्याआधी ते पवनाकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते आणि त्याचे तोंड नदीकडे होते. आज गावात शिरणारा माणूस महामार्गाच्या बाजूने, भुयारी रस्त्याखालच्या वाहनांच्या रांगेतून येतो. त्याला दिसतात त्या बहुमजली इमारती आणि त्यांच्या जाहिराती. या जाहिरातींत गावाचे वर्णन एकाच मापाने केलेले असते: हिंजवडीपासून इतकी मिनिटे, द्रुतगती मार्गापासून इतकी मिनिटे. आमचा पत्ता मिनिटांत सांगितला जातो. गावठाण कुठे आहे, नदी कुठल्या बाजूला आहे हे नव्याने राहायला आलेल्या माणसाला विचारले तर तो मोबाइल काढील. त्याला दोष कसा द्यावा? तो मागच्या दाराने आला आहे आणि पुढचे दार त्याला कोणी दाखवलेलेच नाही. चौलला जे घडायला काही शतके लागली, ते आमच्याकडे पंचवीस-तीस वर्षांत घडले. बंदराने पाण्याची वाट गमावली आणि ते खेडे झाले. आम्ही नदीकडे पाठ केली आणि शहर झालो. दोन्हीकडे गावाचे तोंड कुठे होते हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. म्हणूनच मला ही सहल करमणुकीपेक्षा मोठी वाटते. ज्याने एकदा एका गावाकडे त्याच्या पुढच्या बाजूने पाहिले, तो आपल्या गावाचीही पुढची बाजू शोधू लागतो.

तेव्हा सहल समितीपुढे आणि इतिहास, भूगोल व मराठी या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांपुढे माझी नम्र सूचना अशी आहे. दर वर्षी मोसम उघडल्यावर, समुद्राचा अंदाज आणि बंदर खात्याची परवानगी पाहून, तीस-चाळीस विद्यार्थ्यांची दोन दिवसांची सहल न्यावी. जाताना एक दिवस आधी कार्ल्याचे लेख पाहून घ्यावेत, म्हणजे वाटेचे एक टोक माहीत झालेले असेल. मग रेल्वेने मुंबई, लाँचने मांडवा आणि पुढे रेवदंडा. भूगोलाच्या प्राध्यापकांनी लाँचवर भरती-ओहोटी आणि मोसमी वारे शिकवावेत, इतिहासाच्या प्राध्यापकांनी खांदेरी दिसू लागेल तेव्हा बोलावे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी कोर्लईत जाऊन परवानगीने चार शब्द ऐकून घ्यावेत. पोहायला कोणीही पाण्यात उतरू नये. खर्च रिसॉर्टपेक्षा कमीच येईल, कारण ना तिथे प्रवेशशुल्क आहे ना संगीताचा भोंगा.

परत आल्यावर त्या विद्यार्थ्यांनी आणखी एक काम करावे. पुनावळ्याच्या गावठाणातून पवनेच्या काठापर्यंत पायी जावे आणि तिथल्या एखाद्या आजोबांना विचारावे, की आजोबा, पूर्वी गावात माणूस कुठून येत असे? जे उत्तर मिळेल ते पुढच्या वर्षीच्या अंकात छापावे. माझी खात्री आहे, की ते या लेखापेक्षा अधिक वाचनीय होईल.

— तृतीय वर्ष कला